हत्तीचं नाणं आणि पाच लाखांचा फोन

मावश्यांनो, वहिन्यांनो, माझ्या बचत गटाच्या मैत्रिणींनो, कामं आटोपली का? नसतील आटोपली तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. मी तुमची सहयोगिनी ताई बोलतेय.

दर वेळी मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलते, शेळ्यांच्या लसीबद्दल बोलते, बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आज मी एका नाण्याबद्दल बोलणार आहे. दोन रुपयांच्या नाण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, दोन रुपयांवर एवढं काय बोलायचं? पण या दोन रुपयांपायी आमच्या एका गटातल्या मावशींचे ५,९५० रुपये गेले. आणि त्यात थोडी चूक माझीही होती. म्हणून आज हे सगळं सांगायचं ठरवलं. मावशींना विचारूनच सांगतेय. त्या म्हणाल्या, "सांग बाई, पण मन्हं नाव नको घेऊ." म्हणून त्यांचं नाव नाही, गावाचंही नाही.

आधी नाणं कसं आहे ते सांगते. म्हणजे तुमच्या डब्यात, पेटीत असलं तर लगेच ओळखाल. नाणं पूर्ण गोल नाही, त्याला अकरा कोन आहेत. पूर्वीचं दोन रुपयांचं जाड, पांढरट नाणं आठवतं ना, तसंच. एका बाजूला आपले सिंह आणि २ चा आकडा. दुसऱ्या बाजूला हत्ती. पण जंगलातला हत्ती नाही. दोन पायांवर उभा राहिलेला, हातात बत्ती धरलेला, लहान मुलांच्या चित्रात असतो तसा हत्ती. हा रेल्वेचा गार्ड आहे. त्याचं नाव भोलू.

हा भोलू आला कुठून? तर १६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा रस्ता. गाडी ओढायला वाफेची तीन इंजिनं होती. त्यांना माणसांसारखी नावं होती : साहिब, सिंध आणि सुलतान. गाडी निघाली तेव्हा २१ तोफांची सलामी दिली होती. आपले नाना शंकरशेट या रेल्वे कंपनीच्या संचालकांपैकी एक होते. त्या गाडीला दीडशे वर्षं झाली म्हणून रेल्वेनं २००२ आणि २००३ मध्ये मोठा उत्सव केला. त्या उत्सवासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं हा हत्ती तयार केला. १६ एप्रिल २००२ ला बंगळूरला तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. लोकांना तो एवढा आवडला की पुढं रेल्वेनं त्याला कायमचाच ठेवून घेतला. त्याच दीडशे वर्षांच्या निमित्तानं सरकारनं हे दोन रुपयांचं नाणं काढलं. नाणी जमवणाऱ्यांसाठी शंभर रुपयांचं चांदीमिश्रित नाणंही काढलं.

अशा नाण्याला स्मरणार्थ नाणं म्हणतात. एखाद्या मोठ्या माणसाची किंवा मोठ्या घटनेची आठवण राहावी म्हणून काढलेलं. त्यातही दोन प्रकार असतात. एक असतं बाजारात फिरायला काढलेलं. ते बँकेतून येतं, दुकानात जातं, एसटीच्या कंडक्टरच्या पिशवीत जातं, फिरत फिरत आपल्या गटाच्या पेटीत येतं. दुसरं असतं फक्त जमवणाऱ्यांसाठी. ते सरकारी टांकसाळ डबीत घालून विकते आणि त्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा त्याची विक्रीची किंमत जास्त असते. मावशींचं नाणं पहिल्या प्रकारचं. फिरायला काढलेलं.

आता मावशींकडे ते कसं आलं ते ऐका. मावशींचे मालक रेल्वेत गँगमन होते. आपली सुरत-भुसावळकडची लाइन तुम्हाला माहीतच आहे. आपल्यातले कितीतरी जण याच लाइननं सुरतेला कामाला जातात. ही लाइन १९०० सालाच्या सुमाराला झाली. ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीनं सुरत ते अमळनेर अशी बांधली. नंदुरबार स्टेशन, नवापूर स्टेशन त्याच लाइनवरचं. नवापूरचं तर सगळ्या देशात नाव आहे. फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. माझी आजी सांगायची, त्यांच्या वेळी कोळशाचं इंजिन होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि नवं लुगडं काळं व्हायचं. मी काही ते इंजिन पाहिलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा डिझेलचं इंजिन होतं. आता विजेचं आहे.

इंजिन बदललं तरी रूळ तपासणारा माणूस बदलला नाही. पावसाळ्यात रात्री रुळावरनं गस्त घालायची. कुठं खडी वाहून गेली का, रूळ तडकला का, पुलाखाली पाणी चढलं का, ते बघत चालायचं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बत्ती. रस्ता नीट असला तर गाडीला हिरवी बत्ती दाखवायची, काही बिघडलं असलं तर लाल. २००३ साली पगाराच्या सुट्ट्या पैशांत मावशींच्या मालकांना हे हत्तीचं नाणं मिळालं. ते घरी आले आणि मावशींना म्हणाले, "हाई देख, मन्हामायकच बत्ती लिसन उभा शे." बघ, माझ्यासारखाच बत्ती घेऊन उभा आहे. त्यांनी ते नाणं खर्च केलं नाही. मावशींच्या हळदी-कुंकवाच्या डब्यात ठेवलं. आता मालक जाऊन नऊ वर्षं झाली. नाणं डब्यातच होतं.

मग आला व्हिडिओ. तुम्हीही पाहिला असेल. दोन बोटांत नाणं धरलेलं असतं आणि एक जण जोरजोरात सांगतो, हे नाणं तुमच्या घरात असेल तर तुम्ही लखपती आहात. खाली फोन नंबर. कधी नाण्यावर वैष्णोदेवी असते, कधी ट्रॅक्टरची पाच रुपयांची जुनी नोट असते. या व्हिडिओत हत्ती होता. मावशींच्या मुलानं तो व्हिडिओ पाहिला, आईला दाखवला. मावशींनी डबा उघडला. तोच हत्ती!

मुलानं फोन लावला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता. खूप गोड. मावशींना "माताजी" म्हणत होता. म्हणाला, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. फोटो पाठवले. दहा मिनिटांत उत्तर आलं : अभिनंदन, तुमच्या नाण्याचे पाच लाख मंजूर झाले. सोबत एक पत्र. त्यावर रिझर्व्ह बँकेसारखा शिक्का, खाली सही, आणि त्या माणसाचं फोटो असलेलं ओळखपत्र. आता फक्त फाइल बनवायला १,१५० रुपये भरा. घरात होते तेवढे भरले. दुसऱ्या दिवशी फोन : जीएसटी भरावा लागेल, ४,८०० रुपये. हे पैसे पाच लाखांबरोबर परत मिळतील.

मृग लागला होता. पेरणीचे दिवस. मावशी गटाच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, कपाशीच्या बियाण्यासाठी पाच हजार पाहिजेत. अंतर्गत कर्ज मागायची त्यांची ती पहिली वेळ नव्हती. आधीची तिन्ही कर्जं त्यांनी वेळेवर फेडलेली. कुणी जास्त विचारलं नाही. मीही बैठकीला होते. मीही विचारलं नाही. ठराव झाला, सह्या-अंगठे झाले, पैसे दिले. ते पैसे बियाण्याच्या दुकानात गेलेच नाहीत. त्याच संध्याकाळी फोनवरून गेले.

चार दिवसांनी मावशी माझ्या घरी आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "ताई, अजून नऊ हजार कर्ज मिळेल का?" मी विचारलं, एवढ्यात पुन्हा कशाला? तेव्हा त्या रडायला लागल्या. त्या माणसानं सांगितलं होतं, पैसे घेऊन गाडी निघाली आहे, पण सुरतेजवळ अडवली आहे, नऊ हजारांची पावती फाडली की गाडी थेट तुमच्या दारात येईल. मावशी दोन दिवस दारात बसून रस्त्याकडे बघत होत्या.

मी लगेच १९३० ला फोन लावला. हा नंबर लिहून ठेवा बायांनो : एक, नऊ, तीन, शून्य. फोनवरून, ऑनलाइन कुणी पैसे लुबाडले की या नंबरवर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवता येण्याची आशा जास्त. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्याच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. आम्हाला उशीर झाला होता. तक्रार नोंदली गेली, पोलीस स्टेशनलाही आम्ही जाऊन आलो. पण पैसे या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुढं निघून गेले होते. आजपर्यंत परत आले नाहीत.

पुढची बैठक कठीण गेली. खोटं कारण सांगून कर्ज घेतलं, म्हणून दोघीतिघी चिडल्या होत्या. एक जण म्हणाली, दंड लावा. एक म्हणाली, गटातून काढा. मावशी खाली मान घालून बसलेल्या. तेव्हा आमच्या गटाच्या अध्यक्ष ताईंनी एकच प्रश्न विचारला : "हा व्हिडिओ तुमच्यापैकी कुणी कुणी पाहिलाय?" अकरा जणींपैकी नऊ हात वर झाले. "डबे कुणी कुणी उघडून बघितले?" सात हात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण तो व्हिडिओ आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मीच टाकला होता. मला दुसऱ्या ग्रुपवरून आला, मी न बघताच पुढं ढकलला. वर लिहिलं होतं, "बघा बायांनो, कुणाकडे आहे का?" मी बीए झालेली बाई. दर महिन्याला तुम्हाला सांगते, सही करण्याआधी कागद वाचा. आणि मी स्वतः न वाचता, न बघता तो व्हिडिओ पाठवला. मी त्या दिवशी बैठकीत सगळ्यांची माफी मागितली. आज रेडिओवर पुन्हा मागते.

मग ठराव झाला. मावशी पाच हजार रुपये नेहमीच्या व्याजानं दहा हप्त्यांत फेडतील. दंड नाही. आणि एक नवा नियम इतिवृत्तात लिहिला : फोनवरून कुणी पैसे मागितले, कारण काहीही असो, तर पैसे पाठवण्याआधी गटातल्या दोन बायकांना सांगायचं. लाज वाटली तरी सांगायचं. दोन जणींना सांगताना आपल्यालाच कळतं की काहीतरी चुकतंय.

बैठक संपल्यावर मावशींनी कनवटीतून ते नाणं काढलं. माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "मग ताई, याला काहीच किंमत नाही का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात मी प्रशिक्षणाला नाशिकला गेले. तुम्हाला सांगते, नाशिकजवळ अंजनेरीला जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. तिथं नाण्यांचं संग्रहालयही आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या घरी नाणी जमवणारे एक सर होते. त्यांना मी नाण्याचा फोटो दाखवला. ते हसले नाहीत. नीट समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगते.

नाण्याची किंमत चार गोष्टींवर ठरते. पहिली, अशी नाणी किती आहेत. हे हत्तीचं नाणं फिरायला काढलेलं, लाखोंच्या संख्येनं पाडलेलं. जी वस्तू घरोघर सापडते तिला पाच लाख कोण देईल? दुसरी गोष्ट, नाणं कसं आहे. हातात न आलेलं, चकचकीत असेल तर जमवणारा दोन पैसे जास्त देतो. झिजलेलं असेल तर दोन रुपयांचं नाणं दोन रुपयांचंच. आणि घरी घासूनपुसून, चिंच लावून चमकवलं तर किंमत वाढत नाही, कमी होते. तिसरी गोष्ट, धातू. हे नाणं तांबं आणि निकेलचं आहे. त्यात चांदी अजिबात नाही. चौथी गोष्ट, टांकसाळीत नाणं पाडताना काही चूक झाली आहे का. तशी नाणी थोडी असतात, म्हणून जमवणारे शोधतात. पण त्यातही लाखाच्या गोष्टी फार क्वचित.

सरांनी आणखी एक गंमत दाखवली. नाण्यावर साल असतं ना, त्याच्या खाली बघा. चौकोनी हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. तारा असेल तर हैदराबादचं. बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. पुढच्या बैठकीत आम्ही सगळी पेटी ओतली आणि खुणा शोधत बसलो. ज्या बायकांना अक्षर वाचता येत नाही त्यांनी सगळ्यांत आधी ओळखल्या. हिरा आणि तारा ओळखायला शाळा लागत नाही.

मैत्रिणींनो, नाण्याची किंमत कोण सांगतं, याकडे आपण जरा लक्ष द्यायला हवं. विचार करा. बाजारात तुम्ही दहा रुपयांचं नाणं दिलं की भाजीवाला म्हणतो, "हे चालत नाही." आपण गुपचूप परत घेतो. खरं तर ते चालतं. रिझर्व्ह बँकेनं २०१८ सालीच स्पष्ट सांगितलं, दहाच्या नाण्याचे तेव्हापर्यंत निघालेले सगळे १४ नमुने चलनात आहेत. एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतची नाणी कायद्यानं चालतात. म्हणजे जे दहाचं नाणं खरंच दहा रुपयांचं आहे, ते कुणीतरी "चालत नाही" म्हटलं की आपण मानतो. आणि जे दोनचं नाणं दोन रुपयांचं आहे, ते कुणीतरी "पाच लाख" म्हटलं की तेही मानतो. दोन्ही वेळेला किंमत तिसऱ्यानंच ठरवली. आपण विचारलंच नाही.

रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला यावरही लोकांना सावध केलं होतं. बँक जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या असल्या व्यवहारात पडत नाही. त्यासाठी कुणाकडून फी, कमिशन, कर मागत नाही. आणि आपल्या नावानं असे पैसे गोळा करायला कुठल्याही संस्थेला किंवा माणसाला परवानगी दिलेली नाही. तेव्हा पत्रावर शिक्का कितीही मोठा असो, ते पत्र खोटं.

आणि हे समजायला रिझर्व्ह बँकसुद्धा लागत नाही. आपला व्यवहार आठवा. नंदुरबारच्या मार्केटात आपण मिरची विकायला नेतो. हमाली, तोलाई कापतात, हो, कापतात. पण कशातून? मिरची मोजून झाल्यावर, पट्टीतून. कुणी घरी फोन करून आधी हमाली मागतं का? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकणारा माणूस घेणाऱ्याला आधी पैसे देतो का? विकणाऱ्यानं पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी आजचं माझं बोलणं कामाला आलं.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते, कारण यात खरंच पैसा आहे. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे आपल्या कितीतरी बहिणींच्या गळ्यात जुन्या रुपयांच्या माळा आहेत. आजीच्या, पणजीच्या. अडचण आली की त्या सराफाकडे जातात. जाण्याआधी रुपयावरचं साल बघा, नाहीतर मुलाकडून वाचून घ्या. राणीचा आणि त्यानंतरचा, १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. त्याच्या बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४६ आणि १९४७ च्या रुपयात चांदी नाही, ते निकेलचे. साल माहीत असेल तर सराफासमोर आपण गप्प बसणार नाही. आणि दोन दुकानांत विचारल्याशिवाय विकू नका. नाणं वितळवू तर मुळीच नका. चलनातलं नाणं वितळवणं, तोडणं हा गुन्हा आहे, आणि जुनं राणीचं नाणं वितळवलं तर ते नाणं म्हणून जी जास्तीची किंमत आली असती ती गेली.

आता रेल्वेच्या नाण्यांकडे परत येते. वाफेच्या इंजिनाची आठवण ठेवणारे आपण एकटे नाही. आपल्याकडं १९५३ मध्ये रेल्वेला शंभर वर्षं झाली तेव्हा दोन आण्यांचं टपाल तिकीट निघालं होतं. त्यावर १८५३ चं इंजिन आणि १९५३ चं इंजिन, दोन्ही होती. जर्मनीनं त्यांच्या पहिल्या रेल्वेला १७५ वर्षं झाली म्हणून २०१० मध्ये दहा युरोचं नाणं काढलं. आणि इंग्लंडनं २००४ मध्ये दोन पौंडांचं नाणं काढलं, त्यावर रिचर्ड ट्रेविथिक या माणसाचं इंजिन आहे. नाण्याच्या कडेलाही रेल्वेच्या पुलाच्या कमानींची नक्षी आहे.

या ट्रेविथिकची गोष्ट सरांनी सांगितली ती माझ्या मनात राहिली. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये त्याच्या इंजिनानं दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं रुळावरून ओढून नेली. नऊ मैलांहून जास्त. वाफेच्या इंजिनानं रुळावर असं वजन ओढलं, हे जगात तेव्हा पहिल्यांदाच घडलं. पण इंजिन एवढं जड होतं की खालचे बिडाचे रूळ मोडायचे. मालकांनी ते बाजूला ठेवलं. पुढं नाव दुसऱ्यांचं झालं. ट्रेविथिक १८३३ मध्ये वारला तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता. बरोबर काम करणाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला पुरलं. आणि दोनशे वर्षांनी त्याच्या देशानं त्याचं इंजिन नाण्यावर घातलं.

हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या मालकांचं कुणी नाणं नाही काढणार. पण एका पावसाळ्यात त्यांनी रात्री गाडी थांबवली होती." आम्ही सगळ्या गप्प झालो. इतकी वर्षं आम्ही एका गटात बसतो, एका पेटीत पैसे टाकतो, पण हे आम्हाला माहीत नव्हतं. मग मावशींनी सगळं सांगितलं. रात्री दोनची वेळ. नाल्याला पूर. रुळाखालची खडी वाहून गेलेली, रूळ नुसते लोंबकळत होते. हे लाल बत्ती घेऊन गाडीच्या दिशेनं पळत गेले. गाडी थांबली. सकाळी घरी आले तेव्हा पायात एकच चप्पल होती. साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. बस, तेवढंच. नंतर कुणी विचारलं नाही, मावशींनीही कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी ते नाणं अकरा जणींच्या हातांतून फिरलं. प्रत्येकीनं हत्ती बघितला. प्रत्येकीनं बत्ती बघितली. मी इतिवृत्तात लिहिलं, "आज गटात रेल्वेच्या नाण्याची माहिती घेतली." दुसरं काय लिहिणार?

मावशींनी विचारलं होतं ना, याला काहीच किंमत नाही का? आता मी उत्तर देऊ शकते. दुकानात या नाण्याची किंमत दोन रुपये. जमवणाऱ्याकडे, नाणं चांगलं असेल तर त्याहून थोडी जास्त. आणि मावशींच्या डब्यात ते विकायचंच नाही, म्हणून तिथं किंमत विचारायचीच नाही. तो फोनवाला माणूस नाणं घ्यायला आलाच नव्हता. त्याला नाणं कधी नकोच होतं. त्याला ते ५,९५० रुपये हवे होते. म्हणूनच तो पैसे घेऊन गेला आणि नाणं मावशींकडे राहिलं.

मावशींचे सात हप्ते झाले, तीन राहिलेत. एकही चुकला नाही. मुलगा सुरतेला कामाला जातो. मागच्या महिन्यात त्यानं आईला सांगितलं, ते नाणं मला दे, मी सांभाळतो. मावशी म्हणाल्या, "नातवाला देईन. पण आधी त्याला त्याच्या आजोबांची गोष्ट पाठ झाली पाहिजे."

तर बायांनो, आता थोडक्यात. आज तुमचा डबा, तुमची पेटी उघडा. हत्तीचं नाणं निघालं तर मुलांना दाखवा, सालाखालची खूण शोधायला सांगा, पहिल्या गाडीची गोष्ट सांगा. घरात कुणी रेल्वेत काम केलेलं असेल तर त्यांना विचारा, त्यांच्या रात्री कशा होत्या. कुणी लाखांचा व्हिडिओ पाठवला तर तो पुढं पाठवू नका, मी केलेली चूक करू नका. आणि कुणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवा आणि गटातल्या दोन जणींना सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, रडत बसू नका, लगेच १९३० लावा.

पुढच्या वेळी आपण शेळ्यांच्या पावसाळी लसीबद्दल बोलू. तोपर्यंत पेटीची किल्ली जपा. येते मी. नमस्कार.